देवाशी मैत्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात कोपरीला आणि खाडीपलीकडे ऐरोली, कोपरखैरणेला आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या घरगुती प्रार्थनासभा होतात. शुक्रवारी संध्याकाळी, कुणा ना कुणाच्या घरी. रविवारच्या उपासनेत जे विचारता येत नाही ते तिथे, चहा झाल्यावर, चपला घालता घालता विचारलं जातं. माझ्याकडे पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे लिहून ठेवले आहेत. मी पाळक, म्हणजे मंडळीची धर्मगुरू, नाही. नवी मुंबईच्या दाणा बाजारात एका पेढीवर हिशेब लिहिते, आणि रोज ट्रान्सहार्बरच्या गाडीने ठाणे ते तुर्भे जाता-येता देवाशी बोलते. जे शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, आहे तिथे अध्याय आणि वचन दिलं आहे. बाकीचं माझ्या आणि मंडळीतल्या माणसांच्या अनुभवातलं आहे.

देवाला मित्र म्हणणं जरा जास्तच होत नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात देवाचा धाक असतो, आणि तो असायलाच हवा. पण 'मित्र' हा शब्द आपण काढलेला नाही. यशया ४१:८ मध्ये देव स्वतः अब्राहामाला आपला मित्र म्हणतो. याकोबाच्या पत्रात (२:२३) तेच पुन्हा येतं. अब्राहामाला जिथे पुरलं त्या हेब्रोन गावाला अरबी भाषेत आजही अल-खलील म्हणतात. खलील म्हणजे मित्र. मोशेबद्दल निर्गम ३३:११ मध्ये लिहिलं आहे की माणूस मित्राशी बोलतो तसा परमेश्वर त्याच्याशी समोरासमोर बोलत असे.

आणि मग योहान १५. शेवटच्या भोजनाची रात्र आहे, काही तासांत अटक होणार आहे. तेव्हा येशू शिष्यांना सांगतो की यापुढे मी तुम्हाला दास म्हणत नाही, मित्र म्हटलं आहे. कारण धनी काय करतो ते दासाला कळत नाही, पण मी पित्याकडून जे ऐकलं ते सगळं तुम्हाला सांगितलं. यातलं 'कारण' नीट बघा. आमच्या पेढीवर हमालाला कुठली गोणी कुठे टाकायची एवढंच सांगतात. माल कुणी घेतला, काय भावाने, शेट उद्या काय उचलणार, हे त्याच्या कानावर कुणी घालत नाही. ते गादीवर बसलेल्या दोघा-तिघांत चालतं. येशू म्हणतो आहे की मी तुम्हाला गादीवर बसवलं, माझ्या मनातलं सांगितलं.

हे तो कुणाला सांगतो आहे? त्याच रात्री पळून जाणाऱ्या माणसांना. त्याला ते ठाऊक होतं. मी अजून पात्र नाही, आधी सुधारते मग मैत्रीचं बघू, असं म्हणणाऱ्या प्रत्येकीला मी हा अध्याय उघडून देते.

मग देवाला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'?

'तू' म्हणा. आपण प्रभूची प्रार्थना लहानपणापासून 'तुझे नाव पवित्र मानले जावो' अशीच म्हणत आलो आहोत. मराठीत 'तू' कुणाला म्हणतात ते आठवून बघा: आईला, शाळेतल्या मैत्रिणीला, आणि देवाला. आमच्या घरी बाबांना 'अहो बाबा' म्हणायची पद्धत होती, आणि तेच बाबा आम्हाला गुडघ्यावर बसवून स्वर्गातल्या बापाला 'तू' म्हणायला शिकवायचे. देवाची जवळीक आपल्या भाषेने आधीच मान्य केलेली आहे.

ऐरोलीच्या सभेत एक मुलगी नवीन आली तेव्हा 'देवा, तुम्ही कृपा करा' अशी प्रार्थना करायची. तिला कुणी टोकलं नाही. काही महिन्यांनी तिच्या बाळाला रात्रभर ताप होता. पुढच्या शुक्रवारी ती सांगत होती, 'मी त्याला म्हटलं, तू बघ रे आता, माझ्याने होत नाही.' 'तू' कधी आलं ते तिचं तिलाही कळलं नव्हतं.

जवळीक वाढली की धाक कमी होतो, त्याचं काय?

उत्पत्ती १८ वाचा. पापामुळे नाश होणार होता त्या सदोम शहरासाठी अब्राहाम देवाशी चक्क घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस, आणि शेवटी दहा. आमच्या बाजारातही दलाल एवढा खाली येत नाही. पण त्याच बोलण्यात तो स्वतःला धूळ आणि राख म्हणतो. हक्काने बोलणं आणि आपली जागा ओळखून असणं, दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून येतं. ही बरोबरीच्या माणसांची मैत्री नाही. योहान १५:१४ मध्ये येशू स्पष्ट म्हणतो की मी सांगतो ते तुम्ही कराल तर तुम्ही माझे मित्र आहात. त्याचं ऐकायचं नाही आणि मैत्री मात्र सांगायची, असं होत नाही.

सुरुवात कशी करू? मला प्रार्थना करता येत नाही.

आमच्या मंडळीत एक मावशी आहेत. उपासना संपली की सगळे बाहेर पडतात आणि त्या शेवटच्या बाकावर तशाच बसून राहतात. गीतांचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, वर रबरबँड. एकदा छत्री विसरले म्हणून मी परत आत गेले, तर त्या हळू आवाजात बोलत होत्या: 'देवा, आज डाळ करपली. सुनेला बोलले. नको होतं बोलायला. गुडघा फार दुखतोय रे. बाकी तुला माहीतच आहे.' मग बराच वेळ गप्प. मग 'आमेन', आणि रबरबँड सरळ करून उठल्या.

मी तेव्हा सभेत प्रार्थना पुढे चालवणाऱ्यांपैकी होते. 'हे सर्वसमर्थ, सार्वकालिक, परमदयाळू पित्या' असं सुरू केलं की पाच मिनिटं अडखळत नसे. ते शब्द खरेच आहेत, आजही उपासनेत मी ते म्हणते. पण त्या दुपारी मला कळलं की करपलेल्या डाळीइतकं खरं मी देवाला कित्येक वर्षांत काही सांगितलेलं नव्हतं.

म्हणून नवीन माणसाला मी एकच सांगते. पहिला आठवडा रोज एक खरं वाक्य बोला. 'उद्या कामावर जायची भीती वाटते.' 'जाऊबाईंनी घर घेतलं आणि माझ्या पोटात दुखलं.' 'तू आहेस की नाही, मला खात्री नाही.' शोभेचं काही लावू नका. वाक्य बोला आणि थोडं थांबा. मी ठाण्याहून गाडी सुटली की ऐरोलीपर्यंत बोलते आणि रबाळ्यानंतर गप्प बसते. बसायला मिळालं तर उत्तम, नाही तर दांडीला लटकून.

रोज किती वेळ? पहाटेच उठायला हवं का?

मार्क १:३५ मध्ये येशू मोठ्या पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात जातो, त्यामुळे पहाटेची सवय चांगलीच. पण रात्रपाळी करून सकाळी सात वाजता घरी येणाऱ्या नर्सने पहाटे चारचा गजर लावायची गरज नाही. दहा मिनिटं, पण ठरलेली. घड्याळापेक्षा वेळेचं ठिकाण ठरवा: दूध तापेपर्यंत, गाडीत, मुलं शाळेत गेल्यावर.

घर एका खोलीचं आहे. एकांत आणू कुठून?

मत्तय ६:६ मध्ये येशू सांगतो की आतल्या खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्त असणाऱ्या पित्याची प्रार्थना कर. तिथे मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ कोठीची खोली असाही होतो, धान्य-सामान ठेवायची. हे मला एका पाळकांनी सांगितलं तेव्हा मी दाणा बाजारात काम करणारी बाई किती खूश झाले! तांदळाच्या पोत्यांत, ज्वारीच्या वासात देवाला भेटायला सांगितलं आहे.

तेव्हा कोठी शोधा. कळव्याची एक बाई मोरीचं दार लावून बादली उलटी घालून बसते. एक रिक्षावाले भाऊ गॅसच्या रांगेत उभे असताना मीटर झाकून ठेवतात, तोच त्यांचा उंबरठा. मुलांना सांगून ठेवा: आईने डोक्यावर पदर घेतला की पाच मिनिटं हाक मारायची नाही. चार-पाच दिवस ती ऐकणार नाहीत. नंतर ऐकतात.

मीच बोलतो. तो बोलत नाही. देव बोलतो तरी कसा?

या प्रश्नावर आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ जातो.

मला आजवर कानांनी ऐकू येईल असा आवाज आलेला नाही. ज्यांना आला असं सांगतात त्यांना मी खोटं म्हणत नाही, पण त्याची वाट बघत बसू नका. एलीया संदेष्ट्याला होरेब डोंगरावर देव सोसाट्याच्या वाऱ्यात भेटला नाही, भूकंपात नाही, अग्नीत नाही. त्यानंतर आलेल्या शांत, मंद वाणीत भेटला (१ राजे १९). त्याआधी थकून, मरण मागून झोपलेल्या एलीयाला त्याने भाकर खायला दिली आणि पुन्हा झोपू दिलं. तेही देवाचं बोलणंच होतं असं मला वाटतं.

बहुतेक वेळा तो शास्त्रातून बोलतो. एखादं वचन शंभर वेळा वाचलेलं असतं आणि एक दिवस तेच वचन तुमचं नाव घेऊन हाक मारतं. कधी मन टोचतं. कधी दुसऱ्या माणसाच्या तोंडून येतं, आणि त्या माणसाला पत्ताही नसतो.

दिवसभरात तो काय बोलला हे संध्याकाळी मागे वळून पाहिल्यावर जास्त कळतं. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाची अशी उजळणी करायला शिकवलं आणि जेझुइट संघात ती आजही रोज होते. आधी आभार, मग पवित्र आत्म्याकडे उजेड मागायचा, मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यांपुढून न्यायचा, चुकलं तिथे क्षमा मागायची, आणि उद्यासाठी मदत. मी पेढीवर संध्याकाळी रोजमेळ लिहिते. शिल्लक जुळली नाही तर उठता येत नाही. दहा रुपयांचा फरक असला तरी चहाची चिठ्ठी शोधावी लागते. परतीच्या गाडीत दिवसाचा रोजमेळ तसाच बघते. एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की सकाळी शेटच्या जुन्या कारकुनाने मला पाणी आणून दिलं होतं आणि मी वरही बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले. त्यांची बायको आजारी होती, महिनाभर कुणाला बोलले नव्हते. देव माझ्याशी त्या पाण्याच्या ग्लासातून बोलत होता, आणि ते मला बारा तासांनी ऐकू आलं.

एक सावधगिरी मात्र हवी. 'देवाने मला सांगितलं की तू ही नोकरी सोड', 'देवाने दाखवलं की याच मुलाशी लग्न कर' असं कुणी तुम्हाला सांगू लागलं तर घाई करू नका. शास्त्राशी ताडून बघा, पाळकांशी बोला, दोन शहाण्या माणसांना विचारा, वेळ जाऊ द्या. देवाचा आवाज तुम्हाला घाबरवून, एकटं पाडून, पैसे मागून काम करून घेत नाही.

पवित्र शास्त्र कुठून वाचायला घ्यायचं?

मार्कचं शुभवर्तमान. सोळाच अध्याय आहेत, महिन्यात आरामात होतात. सोबत रोज एक स्तोत्र. पहिल्या पानापासून सुरू करणारे बरेच जण लेवीय या तिसऱ्या पुस्तकाच्या आसपास सोडून देतात, म्हणून ते नंतर. मोबाइलवर वाचलं तरी चालतं, पण छापील पुस्तकात पेन्सिलीने तारीख टाकता येते. सात वर्षांपूर्वी हे वचन वाचून आपण का रडलो होतो, ते त्या तारखेवरून आठवतं.

भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतलं भाषांतर घ्या, त्यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला वर्षानुवर्षं खपून सगळं शास्त्र मूळ भाषांमधून साध्या मराठीत आणलं, ते खेड्यापाड्यातल्या बायकांना समजावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि पुस्तक १९२४ मध्ये पूर्ण छापून निघालं. बाईला आपल्या बोलीत देव ऐकू यावा, एवढ्यासाठी.

सारखं मागणंच होतं. मैत्रीत मागणं बरं दिसतं का?

मागा. लूक ११ मध्ये येशू स्वतः गोष्ट सांगतो: घरी पाहुणा आला आहे, वाढायला काही नाही, म्हणून एक जण मध्यरात्री मित्राचं दार वाजवतो, 'तीन भाकरी उसन्या दे.' आतला म्हणतो पोरं झोपलीत, त्रास देऊ नको. तरी हा वाजवतच राहतो. मित्राकडे मागायला लाजू नका, एवढ्या स्पष्टपणे येशूने सांगितलं आहे.

अडचण मागण्यात नसते, हिशेबात असते. 'मी इतके उपास केले, इतकं दान दिलं, आता तू दे.' खतावणीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाचं पान असतं, येणं आणि देणं. देवाच्या नावाचं असं पान मीही वर्षानुवर्षं ठेवलं होतं, आणि माझ्या मते त्याच्याकडे माझी बरीच बाकी निघत होती. १ करिंथ १३:५ मध्ये पौल म्हणतो की प्रीती अपकारांची नोंद ठेवत नाही. तिथला ग्रीक शब्द हिशेबाच्या वहीतला आहे. देव माझं पान ठेवत नसेल तर मी त्याचं कशाला ठेवू?

एक उपाय सांगते. एक दिवस काहीही न मागता त्याच्याजवळ बसा. पहिल्यांदा फार अवघड जातं.

माझा माणूस गेला. इतकी प्रार्थना केली, तरी गेला. आता कसली मैत्री?

इथे मी हळू लिहिते आहे.

माझे बाबा अठरा दिवस अतिदक्षता विभागात होते. काचेतून दिसायचे. सगळी मंडळी उपास करत होती. मी रुग्णालयाच्या जिन्यात बसून स्तोत्र २३ म्हणायची, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. एकोणिसाव्या दिवशी पहाटे फोन आला. स्मशानभूमीत एका भल्या माणसाने खांद्यावर हात ठेवून 'देवाची इच्छा' म्हटलं. मला तो हात झटकून टाकावासा वाटला.

त्यानंतर तीन महिने मी प्रार्थना केली नाही. आईला सोबत हवी म्हणून चर्चमध्ये जायची, गीताला उभी राहायची, तोंड मिटलेलं. मग एका संध्याकाळी गाडीत स्तोत्र १३ समोर आलं. 'किती काळ?' एकदा नाही, चार वेळा. हे शास्त्रात आहे आणि हे देवालाच म्हटलेलं आहे, हे जणू मला नव्याने कळत होतं. घरी न जाता मी तलावपाळीला गेले. मासुंदा तलावाच्या काठी गर्दी होती, भेळवाले, होडीत बसायला रडणारी मुलं. बाकावर बसून मी म्हटलं, 'मला तुझा राग आला आहे. फार राग आला आहे.' बाजूच्या बाईने चमकून बघितलं. ती माझी तीन महिन्यांतली पहिली प्रार्थना होती.

बाबा का गेले याचं उत्तर मला मिळालेलं नाही. तुम्हालाही मी उत्तर देणार नाही. एवढंच दाखवते: योहान ११ मध्ये लाजराला येशू आपला मित्र म्हणतो, आणि निरोप मिळूनही दोन दिवस होता तिथेच राहतो. तो पोचतो तेव्हा लाजर चार दिवस कबरेत आहे. मार्था सरळ तोंडावर म्हणते, 'तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता.' तिची बहीण मरीयाही तेच म्हणते. येशू दोघींना गप्प करत नाही. तो रडतो. आणि अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने स्वतः 'हा प्याला माझ्यापासून टळून जावो' असं मागितलं, तो टळला नाही.

स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी कुठलाही उजेड नाही. ते कुणी शास्त्रातून काढून टाकलं नाही. राग, रडणं, गप्प बसणं, सगळं त्याच्यासमोर आणा. पाठ फिरवून गप्प बसू नका, त्याच्या समोर बसून गप्प बसा. आणि दुःखातल्या माणसाला 'देवाची इच्छा' म्हणू नका. डबा घेऊन जा.

झोप लागत नाही, जगावंसंच वाटत नाही असं होत असेल तर डॉक्टरकडेही जा. त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

काहीच वाटत नाही. मन कोरडं आहे.

मदर तेरेसा यांची पत्रं २००७ मध्ये प्रकाशित झाली तेव्हा लोकांना धक्का बसला. देव जवळ असल्याची जाणीव त्यांना कित्येक दशकं होत नव्हती. त्या तरीही रोज प्रार्थनेला बसत आणि रोज रस्त्यावरच्या माणसांकडे जात. वाटणं येतं-जातं. बसणं सोडू नका. एवढं मात्र तपासा: एखादी गोष्ट आपण त्याच्यापासून लपवत तर नाही ना? माझा कोरडेपणा अर्ध्याहून जास्त वेळा तिथून आलेला आहे.

माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. कुठल्या तोंडाने जाऊ?

येशूचा शिष्य पेत्र याच्या तोंडाने. योहान १८:१८ मध्ये थंडीची रात्र आहे, अंगणात कोळशांचा विस्तव पेटवलेला आहे, आणि त्या विस्तवाशी शेकत पेत्र म्हणतो की मी त्याला ओळखत नाही. एकूण तीनदा. मग योहान २१ मध्ये येशू उठल्यानंतर समुद्रकाठी सकाळी पुन्हा कोळशांचा विस्तव आहे, त्यावर मासे आहेत, भाकर आहे, आणि येशू म्हणतो, 'या, न्याहारी करा.' कोळशांच्या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द सगळ्या नव्या करारात या दोनच ठिकाणी आला आहे. चेंदणी कोळीवाड्यात वाढलेल्या माझ्या मैत्रिणीला हा अध्याय फार आवडतो. ती म्हणते, निखाऱ्यावर मासळी भाजल्याचा वास आला असेल आणि पेत्राला ती रात्र आठवली असेल. येशूने ती विसरायला लावली नाही. तिथेच नेऊन, आधी खायला घालून, तीनदा विचारलं: 'तू माझ्यावर प्रीती करतोस काय?'

एवढंच नाही. मत्तय २६:५० मध्ये धरून द्यायला आलेल्या यहूदालाही येशू 'मित्रा' म्हणूनच हाक मारतो. दार त्या क्षणापर्यंत उघडं होतं.

तेव्हा जा, आणि नेमकं सांगा. 'माझी पापं क्षमा कर' एवढ्यावर भागवू नका; काय केलं ते नाव घेऊन सांगा. कॅथलिक असाल तर फादरांकडे पापनिवेदन करा. कुणाचे पैसे घेतले असतील तर परत करा. घरात कुणी मारत असेल आणि 'क्षमा कर' म्हणून तुम्हाला तिथेच राहायला सांगत असेल, तर तो वेगळा विषय आहे. आधी सुरक्षित जागी जा.

चर्चला न जाता घरीच ही मैत्री करता येणार नाही का?

आजारी असाल, अंथरुणाला खिळला असाल, तर जरूर. एरवी नाही, असं माझं मत आहे. त्या मावशी मला घरी बसून भेटल्या नसत्या. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत घ्यायची, भाकर मी स्वतःच्या हाताने स्वतःला देऊ शकत नाही, कुणाच्या तरी हातून घ्यावी लागते. मंडळीत भांडणं असतात, मानापमान असतात, कुणी काय साडी नेसली यावर बोलणं असतं. येशूच्या बारा जणांतही 'मोठा कोण' यावर वाद होता, तोही त्या शेवटच्या भोजनाच्या वेळी (लूक २२:२४).

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात याबाबत फरक आहे का?

पद्धतीत आहे. आमच्याकडे, म्हणजे प्रोटेस्टंटांकडे, शास्त्रवाचन, मनन, गीतं. कॅथलिकांकडे मिस्सा ही मुख्य उपासना, पवित्र साक्रामेंटासमोर (मिस्सातल्या पवित्र भाकरीसमोर) शांत बसणं, जपमाळ, संतांची सोबत. मला इग्नेशियस उपयोगी पडले, आणि प्रार्थना म्हणजे आपल्यावर प्रेम करणाऱ्याशी मैत्रीचं बोलणं, हे सोळाव्या शतकात सांगणाऱ्या आविलाच्या तेरेसाही कॅथलिकच. आपल्या ठाण्यात १३२१ मध्ये टोलेंटिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती, चीनकडे निघालेले फ्रान्सिस्कन संघाचे धर्मप्रचारक, विश्वासासाठी मारले गेले. तेव्हा प्रोटेस्टंट हा शब्दही नव्हता. ते दोघांचेही आहेत.

वारकरीही विठ्ठलाला सखा म्हणतात. मग वेगळं काय?

हे सासरी किंवा माहेरी वारी असलेल्या मुली विचारतात. बाजारात माझ्याबरोबर काम करणारे कितीतरी जण वारकरी आहेत आणि आषाढात त्यांचा जीव पंढरपूरकडे लागलेला मी दरवर्षी बघते. जनाबाईला दळू लागणारा देव ज्या भाषेत आहे, त्या भाषेत 'देव मित्र आहे' हे समजावून सांगावं लागत नाही, याबद्दल मी कृतज्ञ आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ओवी-अभंग सोबत आणले. आमच्या उपासनेला मराठी गळा मिळाला तो त्यामुळे.

ख्रिस्ती माणसासाठी हा मित्र म्हणजे येशू: रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या कारकिर्दीत वधस्तंभावर मेलेला आणि पुन्हा उठलेला. मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, असं तो म्हणाला (योहान १५:१३) आणि दुसऱ्या दिवशी त्याने प्राण दिला. आणि ही मैत्री त्याच्या बाजूने सुरू होते: 'तुम्ही मला निवडलं नाही, मी तुम्हाला निवडलं.' हे मी शेजारणीशी वाद घालायला वापरत नाही. तिने विचारलं तर सांगते.

मुलांना कसं शिकवावं?

तुम्ही देवाशी खरं बोलताना त्यांना ऐकू द्या. 'देव बघतोय हं' अशी भीती घालू नका.

ही मैत्री खरी आहे की माझ्या मनाचे खेळ, हे ओळखायचं कसं?

जो भाऊ दिसतो त्याच्यावर प्रीती नाही, त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येत नाही, असं योहान लिहितो (१ योहान ४:२०). मी स्वतःला तिथे तपासते. घरकाम करणाऱ्या ताईंची सुट्टी मी कापते का? पेढीवर तोलाईच्या वेळी काटा आपल्या बाजूने झुकला तर गप्प बसते का? एकदा बसले होते. त्या संध्याकाळी गाडीत ऐरोली गेली, दिघा गेलं, आणि मला एक शब्द बोलता आला नाही. दुसऱ्या दिवशी शेटना सांगितलं, पोत्यांचं वजन पुन्हा केलं. नोकरी जाईल असं वाटलं होतं, गेली नाही. तुमची जाईलही, तसं घडलेलं मी पाहिलं आहे.

मनाचा खेळ तुम्हाला आवडेल तेच बोलतो. मित्र कधीकधी न आवडणारं सांगतो.

शुक्रवारच्या सभेला बाहेरचं कुणी येऊ शकतं का?

या. बायबल नसलं तरी चालतं, गीतं येत नसली तरी चालतं, ख्रिस्ती नसाल तरी चालतं. वर्गणी नाही. साडेसातला सुरू होतं, पण कामावरून येणारे आठपर्यंत येत राहतात, त्यामुळे दार लोटलेलंच असतं. मध्ये पाच-सात मिनिटं सगळे गप्प बसतात. नव्या माणसाला वाटतं की कुणीतरी काहीतरी विसरलं. तसं नसतं. खाली रिक्षांचे हॉर्न चालू असतात, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होतात, आणि आम्ही बसलेलो असतो. मावशींना आता जिने चढवत नाहीत, म्हणून शक्यतो तळमजल्याचं घर बघतो. दाराजवळची खुर्ची त्यांची, तेवढी सोडून कुठेही बसा.